मैदान कोणाच्या नावावर?

श्रोतेहो, जत्रेतली बैलगाड्यांची शर्यत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना शर्यतीचे मैदान म्हणजे काय हे सांगायला नको. एरवी तिथे गुरे चरतात, पोरे खेळतात. आणि जत्रेच्या दिवशी सारी पंचक्रोशी तिथे लोटते. त्या दिवशी ही जागा कोणाच्या नावावर आहे, असे कोणी विचारीत नाही. जागा गावाची, असे सगळेच धरून चालतात. आज मी एक हकीकत सांगणार आहे, ती याच समजुतीविषयी आहे. हकीकत दूर अमेरिकेतली आहे. पण शेवटी आपण मुंबईला आणि तिथून आपल्या गावाला परत येऊ.

शिकागो शहराच्या वायव्येस सुमारे पंचवीस मैलांवर आर्लिंग्टन हाइट्स नावाचे गाव आहे. 1927 साली तिथे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान सुरू झाले. रेसकोर्सला जमीन फार लागते, बरं का. घोड्यांना धावायला मोठे वर्तुळ हवे, प्रेक्षकांना बसायला सज्जे हवेत, घोड्यांना पागा हव्यात, वाहनांना जागा हवी. इतकी सपाट जमीन भर शहरात कशी मिळणार? म्हणून त्या काळची बरीच रेसकोर्से शहराबाहेर, स्वस्त जमिनीवर आणि शक्यतो रेल्वेच्या कडेला झाली. आर्लिंग्टनचे क्षेत्र 326 एकर. आपल्या हिशेबाने 13,000 गुंठ्यांच्या वर! पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर शहर वाढत वाढत तिथवर आले, आणि एके काळी शिवारात असलेले मैदान घरांच्या वस्तीत सापडले.

या मैदानाने मोठे दिवस पाहिले. 1981 साली दहा लाख डॉलर बक्षिसाची शर्यत तिथे पहिल्यांदा झाली आणि जॉन हेन्री नावाचा घोडा केवळ नाकाच्या अंतराने जिंकला. पण रेसकोर्स म्हणजे काही फक्त घोडे आणि पैजा नव्हेत. घोड्यांना खरारा करणारे मोतद्दार, नाल ठोकणारे नालबंद, वैद्य, गवत पुरवणारे, चहाफराळ विकणारे अशी एक वस्तीच मैदानाच्या मागे असते. आर्लिंग्टनच्या पागांशेजारी मोतद्दारांची बिऱ्हाडे हंगामभर राहत. त्यांत मेक्सिकोहून आलेली कुटुंबे पुष्कळ होती.

31 जुलै 1985 रोजी तिथे आग लागली आणि प्रेक्षकांचा मुख्य सज्जा जळून खाक झाला. मोठी शर्यत तर महिन्याच्या आत होती. मैदानाचे मालक रिचर्ड डुशोस्वा यांनी शर्यत होणारच असे ठरवले. राखेचे ढीग उचलले गेले, तंबू उभे राहिले, तात्पुरते बाक मांडले गेले, आणि 25 ऑगस्टला, आगीनंतर अवघ्या पंचविसाव्या दिवशी, 35,000 हून अधिक लोकांनी ती शर्यत पाहिली. 1989 पर्यंत नवा सज्जा बांधून तयार झाला. मालक दुसऱ्या महायुद्धात लढलेला गडी होता. मैदान त्याच्या डोळ्यांसमोर होते, आणि जळालेले पुन्हा उभारायची त्याला जिद्द होती.

आता पुढची गोष्ट ऐका. 2000 साली आर्लिंग्टन ‘चर्चिल डाउन्स’ या कंपनीत विलीन झाले. ही कंपनी केंटकी राज्यातली, 1875 पासून चालत आलेली तिथली प्रसिद्ध डर्बी भरवणारी. शर्यतीच्या धंद्यातलीच माणसे, तेव्हा काळजी कसली, असे कोणालाही वाटले असते. पण त्या दिवशी एक गोष्ट गुपचूप बदलली. मैदानाचा मालक आता समोर दिसणारा माणूस राहिला नाही. तो शेअरबाजारात भाव असलेली कंपनी झाला. माणसाला मैदानाचा अभिमान असू शकतो. कंपनीला भागधारकांना हिशेब द्यावा लागतो, आणि त्या हिशेबात अभिमानाचा रकाना नसतो.

इकडे शर्यतींचा धंदा उतरणीला लागला होता. एके काळी अमेरिकेत बहुतेक ठिकाणी कायदेशीर पैज लावायची तर रेसकोर्सवरच जावे लागे. पुढे लॉटऱ्या आल्या, कॅसिनो आले, घरबसल्या पैज लावायची सोय झाली, आणि सज्जे ओस पडू लागले. 2019 साली इलिनॉय राज्याने कायदा करून रेसकोर्सवर कॅसिनो काढण्याची मुभा दिली. आर्लिंग्टनच्या कंपनीने ती संधी घेतली नाही. जवळच्याच एका कॅसिनोत तिचा मोठा हिस्सा होता. 2021 साली मैदान विक्रीला निघाले. 25 सप्टेंबर 2021 रोजी तिथे शेवटची शर्यत झाली. चारच महिन्यांनी, वयाच्या शंभराव्या वर्षी, डुशोस्वा वारले. 2023 साली ‘शिकागो बेअर्स’ या अमेरिकन फुटबॉलच्या धंदेवाईक संघाने 19 कोटी 72 लाख डॉलर मोजून सगळी जमीन घेतली आणि त्याच वर्षी सज्जा पाडण्यात आला. जे आगीला साधले नाही, ते एका खरेदीखताने साधले.

हे एकाच ठिकाणी घडले असे समजू नका. लॉस एंजेलिसजवळ इंगलवुड येथे 1938 साली ‘हॉलिवुड पार्क’ हे रेसकोर्स सुरू झाले. चित्रपटसृष्टीतल्या बड्या मंडळींनी त्यात पैसा घातला होता. 1999 साली याच चर्चिल डाउन्सने ते 14 कोटी डॉलरला घेतले आणि 2005 साली एका जमीन विकासक कंपनीला 26 कोटींना विकले. सहा वर्षांत घोडे काही दुप्पट धावू लागले नव्हते. वधारली होती ती त्यांच्या टापांखालची माती. 22 डिसेंबर 2013 रोजी तिथल्या शर्यती संपल्या. 2020 साली त्या जागी प्रचंड स्टेडियम उघडले. भोवती घरे आणि दुकाने हाही त्याच योजनेचा भाग. जमिनीच्या व्यापारात ‘सर्वोच्च आणि सर्वोत्तम उपयोग’ असा एक शब्दप्रयोग आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की ज्या उपयोगातून सर्वांत जास्त पैसा येईल तो.

कोणी म्हणेल, घोड्यांची शर्यत म्हणजे जुगार. पैजेपायी संसार उघड्यावर पडलेले आम्ही पाहिले आहेत, मैदान गेले तर बरेच झाले! हा आक्षेप खोटा नाही. माणसांना राहायला घरे हवीत, हेही खरे. पण जुगार काही मैदानाबरोबर गेला नाही. तो कॅसिनोत आणि टेलिफोनच्या पडद्यावर जाऊन बसला. गेली ती मोकळी जमीन, मोतद्दारांची भाकरी आणि चार माणसांनी एकत्र जमण्याची जागा. आणि शर्यती राहाव्यात की जाव्यात, यापेक्षा मोठा प्रश्न हा, की ते ठरवताना भोवतीच्या लोकांना कोणी विचारले का? जमीन खाजगी होती. विकण्याचा निर्णय मालकाचा. लोकांनी हळहळावे एवढेच त्यांच्या हाती होते.

आता मुंबईला येऊ. तिथल्या शर्यती पूर्वी भायखळ्याला होत. 1883 साली त्या महालक्ष्मीला आल्या. ही सुमारे 211 एकर जमीन राज्य सरकारच्या आणि महानगरपालिकेच्या मालकीची, क्लबला भाडेपट्ट्याने दिलेली. 2013 साली पट्टा संपला आणि मोठा वाद पेटला. वर्तमानपत्रांत पत्रे आली, सभा झाल्या, क्लबच्या सभासदांनी मतदान केले. अखेर 2024 साली सरकारने 120 एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी महानगरपालिकेकडे द्यायचे आणि 91 एकर क्लबकडे ठेवायचे असा निर्णय घेतला. निर्णय सर्वांनाच पटला असे नाही. पण भांडता आले, ही गोष्ट लहान नाही. जमीन सार्वजनिक होती, म्हणून सामान्य माणसाला त्यात बोलायला तोंड होते.

इतिहास शिकवताना मी विद्यार्थ्यांना एक गोष्ट नेहमी सांगतो. घटना घडते एके दिवशी, पण ठरलेली असते फार आधी. आर्लिंग्टनचा सज्जा 2023 साली पडला, हे सर्वांनी पाहिले. त्याचे भवितव्य गावाच्या हातून गेले 2000 सालीच, कागदावर. ते फार थोड्यांच्या ध्यानात आले.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. आपल्या गावचे खेळाचे मैदान, जत्रेचा माळ, कुस्तीचा फड भरतो ती जागा, यांचे सातबारा उतारे एकदा काढून पाहा आणि वर्गात मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. जागा गायरान आहे, ग्रामपंचायतीची आहे, देवस्थानाची आहे, की कोणा एकाच्या नावावर आहे, हे मुलांना कळू द्या. खाजगी निघाली तर मालकाशी आजच गोडीने बोलता येईल. जागा गावाची आहे असे आपण सगळे म्हणतोच. ते उताऱ्यावरही तसेच लिहिले आहे का, तेवढे बघून ठेवा.