बेटावरचे सरकार



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी त्यांना अँग्विला हे नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा विचारून घेतले आणि मग कागदावर लिहिले. कॅरिबियन समुद्रातले हे ३५ चौरस मैलांचे बेट आहे. तिथली सगळी वस्ती आपल्या उल्हासनगरच्या एका कॅम्पात सहज मावेल. कामगार चळवळीचा इतिहास वाचता वाचता मला ते सापडले. शेजारच्या सेंट किट्स बेटावर रॉबर्ट ब्रॅडशॉ हा ऊस-साखर कामगारांचा पुढारी होता. १९४८ साली त्याने तेरा आठवड्यांचा संप चालवला आणि पुढे तोच तिथल्या सरकारचा प्रमुख झाला. अँग्विला त्याच्या राज्याला जोडलेले होते. ३० मे १९६७ रोजी अँग्विलाच्या लोकांनी सेंट किट्सचे पोलीस बेटावरून घालवून दिले आणि जुलैत मतदान घेतले. वेगळे होण्याच्या बाजूने १,८१३ मते पडली, विरुद्ध ५. मार्च १९६९ मध्ये ब्रिटनने तिथे छत्रीधारी सैनिक उतरवले. शेवटी १९८० साली बेट कायद्याने वेगळे झाले. आज तिथे ब्रिटनचा गव्हर्नर आहे आणि लोकांनी निवडलेली विधानसभाही आहे.

युनियनचे काम करताना माझी पस्तीसेक वर्षे गेली. त्यामुळे ही हकीकत मला जरा झोंबली. मळ्यांच्या मालकांशी झुंजलेला आपल्यासारखाच एक माणूस, आणि त्याच्याच पोलिसांना लोक परत पाठवतात! हाच विषय मी मांडणार होतो. पण आमचे एक निवृत्त सोबती आहेत, मूळचे म्हसळ्याकडचे, अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षे काढलेले. ते म्हणाले, "भाऊ, एवढ्या लांब कशाला जाता? आमचा जंजिरा बेट नव्हे का? माझे आजोबा नवाबाच्या राज्यात जन्मले. त्या सरकाराबद्दल कोणी बोलेल तर बोला."

मी गप्प बसलो. जंजिऱ्याची सहल मी दोनदा केली होती. पण तिथे सरकार कसे चालत होते, हे मी कोणाला विचारले नव्हते. मग ग्रंथालयात जाऊन कुलाबा जिल्ह्याचे जुने गॅझेटियर काढले. आज जे सांगतो आहे ते त्या खटपटीतून आले आहे.

जंजिरा या शब्दाचा अर्थच बेट. अरबी 'जझीरा'चे आपल्या तोंडी जंजिरा झाले. मुरुडजवळच्या राजपुरी गावासमोर, खाडीच्या तोंडाशी हा खडक आहे. त्यावर सुमारे बावीस एकरांचा किल्ला, चारही बाजूंनी खारे पाणी, आणि आत गोड्या पाण्याचे दोन तलाव. एवढ्यावरून हे राज्य म्हणजे तो किल्ला, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात राज्य किनाऱ्यावर पसरलेले होते. उत्तरेस रोह्याची खाडी, दक्षिणेस बाणकोटची खाडी, पूर्वेस रोहा-माणगावचे डोंगर. मधोमध राजपुरीची खाडी आत म्हसळ्यापर्यंत शिरते आणि मुलखाचे दोन तुकडे करते. मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर हा सारा भाग संस्थानातला. क्षेत्रफळ सुमारे ३२४ चौरस मैल आणि १९३१ साली लोकसंख्या लाखाच्या थोडी वर. शिवाय दूर काठेवाडच्या किनाऱ्यावर जाफराबाद हे बंदर होते तेही याच गादीचे. जुन्या लोकांत या मुलखाला 'हबसाण' म्हणत, म्हणजे हबश्यांचा देश. पण देशात हबशी किती? मूठभर. बाकी कोळी, आगरी, कुणबी, कातकरी, कोकणी मुसलमान, ब्राह्मण, भंडारी. भातशेती, मासळी, मीठ, नारळ-सुपारीच्या वाड्या आणि जंगलतोड यांवर ही माणसे जगत. सागाचे जंगल ही सरकारच्या उत्पन्नाची मोठी बाब होती.

आरंभी बेट कोळ्यांचे होते. चाच्यांपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी खडकावर लाकडी मेढेकोट उभारला होता. राम पाटील हा त्यांचा म्होरक्या. निजामशाहीच्या पिरमखानाने व्यापाऱ्याच्या वेषात येऊन दारूच्या पिंपांतून माणसे आत नेली आणि कोट घेतला, अशी कथा सांगतात. कथेत तिखटमीठ असेल. कोळ्यांचे बेट कोळ्यांच्या हातून गेले, एवढे तरी निश्चित. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या जागी दगडी तट उभा राहिला.

आता सिद्दी कोण, हे नीट पाहू, कारण इथे आपली बरीच गल्लत होते. पूर्व आफ्रिकेतून, हबसाणातून, गुलाम म्हणून विकत आणलेली ही माणसे. अटलांटिकपलीकडे आफ्रिकेच्या माणसांना उसाच्या मळ्यांवर नेऊन जुंपले. अँग्विलाचे बहुसंख्य लोक त्यांचेच वंशज. इकडे दख्खनच्या सुलतानांनी त्यांच्या हाती तलवार दिली. खुद्द मलिक अंबर असाच विकला गेलेला, आणि १६२६ साली मेला तेव्हा निजामशाहीचा कर्ताधर्ता होता. उल्हासनगरच्या सिंधी मंडळींना तर हे सांगायलाच नको. सिंधमध्ये शीदी म्हणतात ते हेच लोक. १८४३ साली इंग्रजांविरुद्ध दुब्ब्याच्या लढाईत पडलेला होशू शीदी तिथे आजही वीर म्हणून मानला जातो.

जंजिऱ्याच्या सिद्द्यांची राज्यपद्धती चमत्कारिक होती. आपल्याकडे बापाची गादी मुलाला. इथे पुष्कळ काळ तसे नव्हते. धनी वारला की सरदार जमून आपल्यातून पुढचा धनी ठरवीत. बहुधा आरमाराचा प्रमुख पुढे येई. धनी नालायक वाटला तर त्याला काढूनही टाकीत. १६७० च्या सुमारास फत्तेखान शिवाजी महाराजांशी तह करून किल्ला द्यायला निघाला. तेव्हा संबळ, कासीम आणि खैरियत या तिघांनी त्यालाच कैदेत टाकले आणि मोगलांचा आश्रय धरला. हा कासीम म्हणजे पुढचा याकूतखान. १६८९ साली त्याने इंग्रजांच्या मुंबईवर उतरून त्यांना महिनोन् महिने किल्ल्यात कोंडून ठेवले होते. १७०६ साली तो वारला. मुरुडजवळ खोकरीला त्याची कबर आहे.

गुलामांच्या पोटच्या पोरांनी आपसांत निवडून राजा करावा, ही मला त्या काळाच्या मानाने मोठी गोष्ट वाटते. परंतु मतदार कोण? तटाच्या आतले सरदार. बाहेर भात पिकवणाऱ्या कुणब्याला आणि होडी वल्हवणाऱ्या कोळ्याला त्या निवडणुकीत शब्द नव्हता. जे सरकार वेढ्याने पडत नाही त्याला रयतेच्या राजीखुशीची फिकीर करण्याचे कारण उरत नाही. तटाने शत्रूला अडवले तसे फिर्यादीलाही.

हा किल्ला घेण्याचे प्रयत्न आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत, म्हणून भरभर जातो. शिवाजी महाराजांनी समोर कासा खडकावर पद्मदुर्ग बांधला. मोरोपंत पिंगळ्यांच्या मोहिमेत लाय पाटील नावाच्या कोळ्याने रात्री तटाला शिड्या लावल्या. वर चढायची माणसे वेळेवर पोचली नाहीत, आणि उजाडायच्या आत त्याला शिड्या काढून आणाव्या लागल्या. संभाजी महाराजांनी १६८२ साली खाडी भरून सेतू घालायला घेतला. पण मोगल कोकणात उतरले आणि काम सोडावे लागले. लाय पाटलाची गोष्ट सांगताना आमचे सोबती नेहमी थांबतात. राम पाटलाच्या जातीचा माणूस आपल्याच बेटाला शिडी लावत होता, हे त्यांना सांगायचे असते.

रयतेपाशी एकच उपाय होता, उठून निघून जाणे. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण श्रीवर्धनचे आहे. तिथले देशमुख भट हे जंजिऱ्याची प्रजा. सिद्दीच्या जाचाला कंटाळून बाळाजी विश्वनाथ गाव सोडून घाटावर गेला. १७१३ साली तो शाहू महाराजांचा पेशवा झाला, आणि त्याचा मुलगा बाजीराव १७३३ साली फौज घेऊन राजपुरीला परत आला! त्याच साली सिद्दी रसूल वारला होता, आणि ती निवडणूक या वेळी भावाभावांच्या खुनापर्यंत गेली होती. मराठ्यांनी पुष्कळ मुलूख घेतला. १७३६ साली चिमाजी आप्पाने सिद्दी सातला रेवासच्या बाजूस रणात मारले. किल्ला मात्र तसाच राहिला. देशमुखांना घाट चढून जाता आले. कातकऱ्याने जायचे कुठे?

पुढे इंग्रज आले. १८३४ साली त्यांनी आपले वर्चस्व जाहीर केले आणि जंजिऱ्याची टांकसाळ बंद केली. तिथल्या नाण्यांवर नागरी 'ज' अक्षराची खूण असे. इंग्रजांनी सरदारांचा जुना हक्क कसा मोडला, हे १८७० च्या प्रकरणात दिसते. नवाब इब्राहिमखानाचा कारभार इतका बिघडला होता की फौजदारी अधिकार इंग्रजांनी आपल्या हाती घेतले होते. सरदारांनी त्याला पदच्युत केले. आधीच्या काळी तेवढ्यावर प्रकरण मिटले असते. या वेळी इंग्रजांनी अटी घालून त्यालाच पुन्हा गादीवर बसवले. १८७९ साली तो वारल्यावर मुलगा अहमदखान आला, १९२२ साली त्याचा मुलगा महंमदखान. म्हणजे बापामागून बेटा. निवड करण्याचा जो काही अधिकार होता तो सरदारांकडून गेला, तो रयतेकडे न येता कुलाब्याच्या कलेक्टरकडे गेला. पोलिटिकल एजंट तोच.

अहमदखान वाईट राजा नव्हता, हे सांगितले पाहिजे. त्याने मुरुडला पाणी आणले, समुद्रकाठी राजवाडा बांधला. त्याची बेगम नाझली ही विदुषी अतिया फैजीची बहीण; शिबली नोमानींसारखे पंडित पाहुणे म्हणून येत. पण मी ज्या मुशीत वाढलो तिथे चांगला मालक आणि हक्काचा पगार या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. आमच्या सोबत्यांचे आजोबा म्हणत, "नवाब माणूस बरा होता, पण अर्ज त्याच्यापर्यंत जायचा नाही."

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. जंजिऱ्यात नवाबाचे राज्य चालूच राहिले. तेव्हा महाडकडून नानासाहेब पुरोहित उठले. १९४२ च्या सप्टेंबरात महाडच्या कचेरीवर मोर्चा नेणारे तेच. त्यांच्याबरोबर मोहन धारिया होते. नाते गावचा हा तरुण, तेवीस वर्षेही पुरी न झालेला. पुढे कामगार संघटना बांधणारा आणि केंद्रात मंत्री झालेला. त्यांनी लोकसेना उभी केली. जानेवारी १९४८ च्या अखेरीस ती संस्थानात शिरली आणि तिने म्हसळा व श्रीवर्धन ताब्यात घेतले. त्याच दिवसांत दिल्लीत गांधीजींचा खून झाला, आणि सगळ्या देशाचे कान तिकडे लागलेले असताना कोकणच्या कोपऱ्यातली ही हकीकत विरून गेली. नवाबाने सामीलनामा मान्य केला. मार्च १९४८ मध्ये जंजिरा मुंबई इलाख्यात विलीन झाला. जाफराबाद सौराष्ट्राकडे गेले आणि आज ते गुजरातेत अमरेली जिल्ह्यात आहे.

लोकसेनेने किल्ल्याला शिडी लावली नाही, हे माझ्या दृष्टीने या साऱ्या हकीकतीतले मुख्य आहे. जे सरकार अडीचशे-तीनशे वर्षे बेटावर शोधले गेले ते वास्तविक म्हसळ्याच्या आणि श्रीवर्धनच्या कचेरीत होते. सारा तिथे भरला जाई, जंगलाचा दंड तिथे होई, हवालदार तिथून निघे. संपातही आम्ही नवशिके होतो तेव्हा मालकाच्या बंगल्यापुढे घोषणा देत बसायचो. माल कुठल्या गेटाने बाहेर पडतो, हे विचारायला आम्हांला एका जुन्या माणसाने शिकवले.

एक गोष्ट खटकते ती बोलून टाकतो. जंजिऱ्याची कथा अलीकडे हिंदू रयत आणि मुसलमान नवाब अशी सांगण्याची चाल पडते आहे. राजपुरीचा कोकणी मुसलमान दर्यावर्दी आणि सिद्द्यांतलाच गरीब शिपाई यांना त्या राज्यात काय मिळत होते, हे असे सांगणाऱ्यांनी एकदा राजपुरीच्या धक्क्यावर उभे राहून विचारावे.

किल्ल्यातली वस्ती नंतर हळूहळू काठावर आली. आज तिथे पडक्या भिंती, तोफा आणि तलाव आहेत. राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. मागच्या खेपेला आमच्या होडीवाल्याने कलालबांगडी तोफेचे सगळे वर्णन तोंडपाठ म्हणून दाखवले, किल्ला कधी कोणाला मिळाला नाही हेही सांगितले. परत येताना मी त्याला म्हसळ्याच्या कचेरीबद्दल विचारले. तो म्हणाला, "कुठली कचेरी? दाखल्याला जातो ती?"