रोहित शर्माच्या २६४ धावांमागचा संप

१३ नोव्हेंबर २०१४. ईडन गार्डन्सवर रोहित शर्माने श्रीलंकेविरुद्ध १७३ चेंडूंत २६४ धावा काढल्या. हा विक्रम आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. परंतु त्या आठवड्यात श्रीलंकेचा संघ भारतात असण्याचे मुळात कारणच नव्हते. तेव्हा येथे वेस्ट इंडिजविरुद्धची कसोटी मालिका चालू असायला हवी होती.

तो दौरा १७ ऑक्टोबरला धर्मशाळेत संपुष्टात आला. नाणेफेकीला कर्णधार ड्वेन ब्राव्हो एकटा आला नाही. सारा संघ त्याच्या पाठीशी येऊन उभा राहिला. तो सामना खेळून खेळाडूंनी परतीची वाट धरली. एक एकदिवसीय, एक टी-२० आणि तिन्ही कसोटी सामने तसेच राहिले.

वाद मानधनाचा होता, पण ‘श्रीमंत मंडळ विरुद्ध पिळले गेलेले खेळाडू’ एवढा सरळ नव्हता. मंडळाने सप्टेंबरमध्ये नवा करार केला. प्रायोजकांकडून येणाऱ्या रकमेतील जो वाटा आजवर राष्ट्रीय संघाला मिळे, तो आता प्रादेशिक संघांतील खेळाडूंच्या पगारासाठी वळवण्यात आला. सहा संघ, प्रत्येकी पंधरा करारबद्ध खेळाडू. बार्बाडोस वा गयानाच्या होतकरू गोलंदाजाला प्रथमच वर्षभराचे वेतन मिळणार होते. हेतू वाईट म्हणता येणार नाही. मात्र ज्यांच्या ताटातले काढून घेतले, त्यांना विचारलेच नव्हते. आपले उत्पन्न पाऊण हिस्स्याने घटेल, असा त्यांचा दावा होता.

आणि करारावर खेळाडूंच्या वतीने सही केली होती त्यांच्याच संघटनेने! अध्यक्ष होते माजी कसोटीपटू वेव्हेल हाइंड्स. ब्राव्होचा रोष मंडळाइतकाच, किंबहुना अधिक, हाइंड्स यांच्यावर होता. माझ्या मते या प्रकरणाचे मर्म येथेच आहे.

हे पहिल्यांदा घडत नव्हते. १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यापूर्वी खेळाडू लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ अडून बसले. मंडळाने लारा आणि हूपर यांना बडतर्फ केले, मग परत घेतले. संघ कसोटी मालिका ५-० असा हरला. २००९ मध्ये प्रमुख खेळाडूंनी बहिष्कार टाकला, तेव्हा बदली संघाला हरवून बांगलादेशाने परदेशातील आपली पहिली कसोटी मालिका जिंकली. वेस्ट इंडिज हा देश नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. अनेक स्वतंत्र राष्ट्रांचे मिळून एकच मंडळ. मग त्याला जाब विचारणार कोणते सरकार?

२०१४ चा हिशेब मात्र भारताने मांडला. बीसीसीआयने सुमारे ४ कोटी २० लाख डॉलरची भरपाई मागितली आणि रिकाम्या तारखांसाठी श्रीलंकेला बोलावले. ब्राव्हो आणि पोलार्ड २०१५ च्या विश्वचषक संघातून वगळले गेले. ख्रिस गेलने या निवडीवर उघड टीका केली. एकदिवसीय संघाचे नेतृत्व २३ वर्षांच्या जेसन होल्डरकडे आले.

पुढच्याच वर्षी, २०१६ च्या टी-२० विश्वचषकाआधी, मानधनावरून पुन्हा तेच. संघ आला आणि ३ एप्रिलला ईडन गार्डन्सवरच जगज्जेता ठरला. करंडक स्वीकारण्यापूर्वी कर्णधार डॅरेन सॅमीने ध्वनिक्षेपकावरून आपल्याच मंडळाची तक्रार साऱ्या जगापुढे मांडली: या स्पर्धेला निघताना आमच्याकडे गणवेशसुद्धा नव्हते.