धागा : ‘अजून पिकला नाही’ — मराठवाडा, डोळे आणि थांबण्याचा इतिहास

नांदेड-लातूरकडच्या कोणत्याही गावात डोळ्यांचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानी पडतात. पहिले, ‘मोतीबिंदू अजून पिकला नाही.’ दुसरे, ‘डोळे आलेत, जातील चार दिवसांत.’ दोन्ही वाक्ये निरुपद्रवी वाटतात आणि बहुतेक वेळा खरीही ठरतात. दोन्ही एकच सल्ला देतात : थांबा. हा सल्ला कुठून आला, तो एके काळी शहाणपणाचा का होता आणि ज्यांना मोतीबिंदू नव्हताच अशा माणसांची दृष्टी त्याने कशी नेली, याचा हा धागा.

आरंभ सुश्रुतसंहितेपासून करावा लागतो. तिच्या उत्तरतंत्रात शहात्तर नेत्ररोगांची गणना आहे. त्यांत ‘अधिमंथ’ नावाचा एक विकार येतो. डोळा घुसळून काढल्यासारखी वेदना आणि अर्ध्या डोक्यात पसरणारी कळ, असे त्याचे वर्णन आहे. आजचे अनेक अभ्यासक त्याची तुलना तीव्र काचबिंदूच्या झटक्याशी करतात. प्राचीन रोगनामे आधुनिक रोगांवर सरळ चिकटवणे धोक्याचे असले, तरी इथे महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. संहिताकार या विकाराला मुदत लावून देतो. उपचार चुकला तर कफज अधिमंथ सात रात्रींत दृष्टी नष्ट करतो, वातज सहा रात्रींत, रक्तज पाच रात्रींत आणि पित्तज तत्काळ. म्हणजे डोळ्यांच्या काही दुखण्यांत दिवस मोजावे लागतात, ही जाणीव या भूमीला नवी नव्हती.

त्याच परंपरेत दुसराही विचार होता. वाग्भटाचे अष्टांगहृदय मोतीबिंदूसारख्या कफज लिंगनाशाबद्दल सांगते की, तो पूर्ण तयार झाल्यावर, रोग्याला दिसेनासे झाल्यावरच त्याचा सुईने वेध घ्यावा. या ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिणारा हेमाद्री हा तेराव्या शतकातील देवगिरीच्या यादवांचा मंत्री. आपण त्याला हेमाडपंत म्हणून ओळखतो. मंदिरांच्या बांधणीपलीकडे त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही, हा त्याच्यावर थोडा अन्यायच आहे. असो. एकाच परंपरेत ‘घाई करा’ आणि ‘पिकू द्या’ असे दोन्ही सल्ले होते. लोकस्मृतीत टिकला तो दुसरा.

तो टिकण्यामागे सबळ कारण होते. मोतीबिंदूवर इलाज डोळ्यांदेखत होत असे. गावोगाव फिरणारे वैदू सुईने गढूळ भिंग दृष्टीच्या मार्गातून खाली ढकलत. आंधळ्याला तिथल्या तिथे उजेड दिसे आणि पंचक्रोशीत बातमी पसरे. पुढे जंतुसंसर्गाने किंवा डोळ्यातील दाब वाढून तोच डोळा कायमचा जाई, तेव्हा वैदू चार गावे पुढे गेलेला असे. मद्रासचे नेत्रशल्यविशारद रॉबर्ट हेन्री इलियट यांनी १९१७ साली या सुईच्या शस्त्रक्रियेवर एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. विसाव्या शतकातही ही पद्धत किती रुजलेली होती, याची त्यावरून कल्पना यावी.

युरोपीय शल्यविद्येनेही ‘पिकू द्या’ हेच सांगितले, पण निराळ्या कारणाने. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या जाक दाव्हिएल यांनी भिंग खाली न ढकलता डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत रूढ केली. तीत भिंगाचे वेष्टन मागे ठेवून आतला गर काढीत. मोतीबिंदू कच्चा असेल तर मऊ, चिकट गर आत शिल्लक राही आणि डोळा सुजे. भिंग पूर्ण पांढरे व घट्ट झाले म्हणजे ते स्वच्छ निघे. थांबण्याच्या सल्ल्यामागे असे निखळ तांत्रिक कारण होते. पुढे जालंधरचे कर्नल हेन्री स्मिथ यांनी वेष्टनासकट भिंग काढण्याचा धडाका लावला, तेव्हा पिकण्याची अट मुळातच ढासळली. १९४९ मध्ये लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी कृत्रिम भिंग बसवले. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची पद्धत आणली. आता तर फार पिकलेला, दगडासारखा झालेला मोतीबिंदूच शल्यविशारदाला अवघड जातो. कारण संपले, पण वाक्य उरले.

याच काळात डोळ्यांच्या तातडीचेही शास्त्र घडत होते. १८५१ साली हेल्महोल्ट्झ यांनी जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ दाखवणारे उपकरण शोधले. १८५७ साली बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी तीव्र काचबिंदूत बुबुळाचा लहानसा तुकडा कापला, तर चढलेला दाब उतरतो आणि दृष्टी वाचते, हे दाखवून दिले. दृष्टिपटल सुटण्याच्या विकारावर मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांपर्यंत भरवशाचा उपाय नव्हता. स्वित्झर्लंडच्या झ्यूल गोनँ यांनी पटलाला पडलेले छिद्र शोधून ते बंद करायला सुरुवात केल्यावर तो हाती आला. त्याआधी पटल सुटलेल्या रोग्याने घाई करून कुठेही गेले असते, तरी निष्पन्न काही झाले नसते. तेव्हा ‘गावातले लोक अडाणी म्हणून थांबले’ असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. घाईला अर्थ येण्यासाठी आधी उपाय असावा लागतो आणि तो गाठता यावा लागतो.

गाठण्याचा प्रश्न मराठवाड्यात फार मोठा होता. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेड हा जिल्हा, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात, तर उदगीर चक्क बीदर जिल्ह्यात. मोठे इस्पितळ म्हणजे हैदराबाद. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर गोदावरी खोऱ्यातील मीटरगेज लोहमार्ग आला आणि नांदेड राजधानीला जोडले गेले. लातूरचा रस्ता दुसऱ्या दिशेचा होता. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली आणि त्याच कंपनीचे रूळ १९२७ मध्ये पंढरपूरमार्गे मिरजेला भिडले. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन इस्पितळ १८९४ पासून उभे होते आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी दूरवर नावाजलेले होते. म्हणजे लातूरच्या ठाण्यावर बसलेला माणूस गेज न बदलता सव्वातीनशे किलोमीटरवरच्या त्या दारापर्यंत जाऊ शकत होता. (याच मार्गाने, आता रुंद झालेल्या रुळांवरून, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली.)

पण असा प्रवास कोण करणार? सुगी उरकलेला, गाठीशी चार पैसे असलेला, सोबतीला माणूस मिळालेला रोगी. मोतीबिंदूवाल्याला हे सारे जमवायला वर्षभराचा अवधी असे. ज्याचा डोळा काल रात्री अचानक विझला, त्याला तो नसे.

स्वातंत्र्यानंतर इस्पितळच गावाकडे निघाले. नेत्रशिबिरांचे ते युग होते. शेजारच्या कर्नाटकात डॉ. मुरुगप्पा मोदी यांनी सामूहिक शस्त्रक्रियांचे तंत्र अचाट वेगाने राबवले. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू-प्रकल्प चालला, त्यांत महाराष्ट्र होता. शाळेच्या खोल्यांत सतरंज्या, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या आजी-आजोबांच्या रांगा, नंतर काळे चष्मे : हे दृश्य दोन पिढ्यांच्या ओळखीचे आहे. त्याला काळी बाजूही होती. १९८६ मध्ये उत्तर प्रदेशातील खुर्जा येथील शिबिरात जंतुसंसर्गाने ऐंशीहून अधिक रोग्यांचे डोळे गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. अशा घटनांनंतर शस्त्रक्रिया हळूहळू सुसज्ज रुग्णालयांत सरकल्या. तरीही एकंदर हिशेब शिबिरांच्या बाजूनेच लागतो. त्यांनी लाखो लोकांना पुन्हा नातवंडांची तोंडे दाखवली, हे मान्य केलेच पाहिजे.

मात्र शिबिराने नकळत एक सवय लावली. डोळ्याचे दुखणे म्हणजे हिवाळ्यात, सुगीनंतर, तारीख कळल्यावर दाखवायचे दुखणे, ही ती सवय.

तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांचे रोग निराळे होते. डोळा लाल, असह्य डोकेदुखी, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी : हा काचबिंदूचा तीव्र झटका. त्यात दृष्टी काही तासांत किंवा दिवसांत जाते, पण घरात तो ‘डोळे आले’ किंवा ‘पित्त झाले’ या नावाखाली जिरतो. डोळ्यापुढे विजा चमकतात, काळे ठिपके तरंगतात, मग एका कडेने पडदा उतरतो. हे दृष्टिपटल सुटण्याचे लक्षण. त्यात दुखत काहीच नाही, म्हणून घाई वाटत नाही. पटलाची मुख्य रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, तर एक डोळा क्षणात आणि वेदनेविना अंधारतो. हा पक्षाघाताचाच भाऊबंद, तिथे हिशेब तासांचा. आणि सर्वांत उपरोधिक प्रकार म्हणजे, पिकण्याची वाट पाहत ठेवलेला मोतीबिंदूच कधी कधी फुगतो किंवा पाझरतो, डोळ्यातील दाब एकाएकी चढवतो आणि थांबलेल्याला रात्रीतून तातडीचा रोगी करतो.

शेतकऱ्यांच्या मुलखात याहून परिचित गोष्ट आहे डोळ्यात ‘फूल पडण्याची’. ज्वारीचे पान, उसाचे पाते किंवा मळणीतले कुसळ लागून बुबुळावरचा पारदर्शक पडदा ओरखडतो. त्यावर कोणी दूध पिळते, कोणी मध घालते, कोणी औषधाच्या दुकानातून मिळेल तो थेंब आणते. त्या थेंबात स्टेरॉइड असेल तर जखमेतली बुरशी आणखी फोफावते. आठवड्याभरात पांढरा डाग कायमचा होतो. शब्द पाहा, फूल! एका डोळ्याच्या अंताला इतके कोवळे नाव क्वचितच दुसऱ्या कोणत्या भाषेने दिले असेल. मुलांच्या बाबतीत तर अवधी त्याहून कमी. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या टोकाच्या अभावात, विशेषतः गोवरानंतर, हाच पडदा बघता बघता विरघळतो. या अंधत्वाविरुद्ध बालकांना ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला आणि दोनच वर्षांत १९७२चा दुष्काळ मराठवाड्यावर कोसळला.

अंतर मात्र उशिरा का होईना, कमी झाले. सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला, १९८८ मध्ये नांदेडला आणि २००२ मध्ये लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. उदगीरला लायन्स नेत्र रुग्णालय उभे राहिले. रेणापूर तालुक्यातील माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मोतीबिंदू-शस्त्रक्रियांसाठी देशभर नावाजले गेले आणि २००८ मध्ये पद्मश्रीचे मानकरी ठरले. या भागात डोळ्यांच्या डॉक्टराचे नाव सर्वतोमुखी झाले तेही मोतीबिंदूमुळेच, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

तातडीची भाषा घराघरांत पोचली ती २०२१च्या उन्हाळ्यात, फार कठोर मार्गाने. करोनाच्या दुसऱ्या लाटेमागोमाग म्युकरमायकोसिस आला. महाराष्ट्र त्याने सर्वाधिक होरपळलेल्या राज्यांपैकी एक होता. मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवण्यास सांगितले. डोळ्यामागे दुखणे, पापणी लोंबणे, एकाचे दोन दिसणे, अचानक अंधुकता ही लक्षणे वर्तमानपत्रांच्या चौकटींत छापून येऊ लागली. मधुमेही घरांत रोज सकाळी एकमेकांचे डोळे तपासले जाऊ लागले. अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक शहरे पालथी घालत होते आणि जीव वाचवण्यासाठी काहींचा डोळा काढावा लागत होता. त्याच काळात देशभर मोतीबिंदूच्या नेहमीच्या शस्त्रक्रिया स्थगित होत्या. त्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा नेत्रतज्ज्ञांपुढे अनेक वर्षांत दिसले नव्हते इतके अतिपिकलेले मोतीबिंदू येऊन बसले होते.