कोडबदलांची पूर्वचाचणी

कोडबदलांची पूर्वचाचणी : संगणक-प्रणालीच्या कोडमधील बदल सामायिक रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) जाण्याआधी प्रोग्रॅमरने आपल्याच संगणकावर घेतलेली चाचणी. सदोष बदलामुळे सहकाऱ्यांचे काम अडू नये, हा तिचा हेतू.

पार्श्वभूमी : मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये एससीसीएस ही आरंभीची आवृत्ती-नियंत्रण प्रणाली तयार केली. पुढे सीव्हीएस, सबव्हर्जन यांसारख्या केंद्रीय प्रणालींत कमिट (बदलाची नोंद) करताच बदल सर्वांपर्यंत जाई. म्हणून चाचणी कमिटआधीच उरकावी लागे. लिनस टॉरवाल्ड्स यांच्या गिटमध्ये (२००५) कमिट स्थानिक राहते आणि पुश केल्यावरच (सामायिक रिपॉझिटरीत पाठवल्यावरच) बदल इतरांना मिळतो. या दोन टप्प्यांच्या मध्ये चाचणीला सवड मिळते.

पद्धत : गिटमधील ‘प्री-कमिट’ व ‘प्री-पुश’ हे हूक म्हणजे त्या त्या क्रियेआधी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट. चाचणी फसल्यास क्रिया थांबते. कमिटआधी सहसा झटपट चाचण्या ठेवतात, वेळखाऊ चाचण्या पुशआधी.

उदाहरण : भंडारा जिल्ह्यात तुमसर, पवनी, भंडारा, मोहाडी, लाखनी, लाखांदूर व साकोली हे ७ तालुके आहेत. एखाद्या प्रणालीत तालुक्याच्या नावासाठी २० बाइटची मर्यादा घातली, तर रोमन लिपीतील सगळी नावे सहज मावतात. यूटीएफ-८ मध्ये मात्र देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे असतात. ‘भंडारा’ला १८ बाइट पुरतात, ‘लाखांदूर’ला २४ लागतात. सातांपैकी हे एकच नाव तुटते. चाचणीत फक्त जिल्ह्याच्या ठिकाणाचे नाव घेतल्यास हा दोष नजरेतून सुटतो.

मर्यादा : चाचणी बहुधा संगणकावरील चालू फाइलींवर होते, कमिटमध्ये मात्र निवडलेलेच बदल जातात. नवी फाइल जोडायची राहिली, तरी प्रोग्रॅमरकडे चाचणी उत्तीर्ण होते आणि सहकाऱ्याकडे प्रणाली चालत नाही. त्यामुळे कमिट वेगळ्या फोल्डरमध्ये नव्याने उतरवून तपासणे अधिक खात्रीचे ठरते. शिवाय हे हूक रिपॉझिटरीच्या क्लोनसोबत (प्रतीसोबत) येत नाहीत आणि ‘नो-व्हेरिफाय’ पर्याय देऊन टाळताही येतात. म्हणून पुशनंतर सर्व्हरवर स्वयंचलित चाचणी पुन्हा घेतली जाते. पूर्वचाचणी तिला पूरक असते, पर्याय नव्हे.