पिकअप मालमोटार, चार सिलिंडरी एंजिनाची

पिकअप मालमोटार, चार सिलिंडरी एंजिनाची : पुढे चालकाची बंदिस्त खोली व मागे उघडा हौदा असलेल्या हलक्या मालमोटारीस पिकअप असे म्हणतात. एंजिनाची शक्ती केवळ मागील चाकांना न देता गरजेनुसार चारही चाकांना देण्याची सोय जिच्यात असते ती चतुश्चक्र चालनाची पिकअप होय. या प्रकारच्या लहान गाड्यांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चार सिलिंडरांच्या एंजिनाने जे मानाचे स्थान मिळविले, ते शक्तीच्या जोरावर नव्हे. सहा व आठ सिलिंडरांची, कितीतरी अधिक शक्तीची एंजिने त्याच काळात सर्रास मिळत होती. तरीही शेतकरी, खाणीवरचे पर्यवेक्षक, वनखात्यातील नोकर आणि पुढे आडवाटांचे हौशी प्रवासी यांनी कमी शक्तीचे एंजिन जाणूनबुजून पसंत केले. पक्की सडक आणि जाणता कारागीर हे दोन्ही जेथून दूर असतात, तेथे गाडीने वेग घेण्यापेक्षा घरी परत येणे महत्त्वाचे असते. या पसंतीचे मूळ तेथेच आहे.

यांत्रिक स्वरूप : एका रांगेतील चार सिलिंडरांच्या चतुर्धाव एंजिनात भुजादंडाच्या (दट्ट्यांची सरळ गती चक्रीय गतीत बदलणाऱ्या दंडाच्या) दर अर्ध्या फेऱ्यास एक शक्तिधाव मिळते. दोन दट्ट्ये वर जात असताना दोन खाली येतात. त्यामुळे मुख्य जडत्वीय प्रेरणा एकमेकींना छेद देतात. मात्र संयोगदांड्याच्या तिरपेपणामुळे दट्ट्याची वरच्या अर्ध्यातील गती खालच्या अर्ध्यातील गतीसारखी नसते व भुजादंडाच्या दुप्पट वारंवारतेची एक उभी प्रेरणा शिल्लक उरते. चार सिलिंडरी एंजिनाची ओळखीची थरथर ती हीच. एका रांगेतील सहा सिलिंडरांच्या एंजिनात ती नसते. सिलिंडरांचे आकारमान वाढेल तशी ही थरथर वाढते, म्हणून या एंजिनांचे एकूण आकारमान बहुधा दोन ते अडीच लिटरांच्या आसपास ठेवले जाई. दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणारे दोन तोलदंड बसवून ही प्रेरणा मारण्याची युक्ती ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच सुचविली होती. मित्सुबिशी कंपनीने ती १९७० नंतरच्या दशकात मोठ्या प्रमाणावर व्यवहारात आणली.

थरथरीच्या बदल्यात मिळते ते असे : एकच सिलिंडर-शीर्ष, त्याखाली एकच गॅस्केट, एका बाजूला अंतर्ग्रहण व दुसऱ्या बाजूला निष्कास, आणि वरून हात घालताच सापडणारे चार स्पार्क प्लग. एंजिन आखूड असल्याने पुढील आसावरचा भार कमी राहतो. चिखलात किंवा वाळूत पुढची चाके रुतू नयेत यासाठी ही गोष्ट महत्त्वाची ठरते. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या मांडणीच्या सहा सिलिंडरी एंजिनात दोन शीर्षे व दोन गॅस्केटे असतात आणि अरुंद बोनेटखाली ते बसविल्यावर पान्याला जागा उरत नाही.

जीपपासून आरंभ : या परंपरेचे मूळ दुसऱ्या महायुद्धातील जीपमध्ये आहे. अमेरिकी सैन्याने १९४० मध्ये हलक्या टेहळणी गाडीची मागणी केली तेव्हा वजनाची मर्यादा प्रथम १,३०० पौंड (सु. ५९० किग्रॅ.) अशी जवळजवळ अशक्य ठरविली होती. पुढे ती २,१६० पौंडांपर्यंत (सु. ९८० किग्रॅ.) वाढविण्यात आली. इतक्या वजनात मोठे एंजिन बसणे शक्य नव्हते. अमेरिकन बॅंटम कंपनीने पहिला नमुना सप्टेंबर १९४० मध्ये सादर केला. त्यातील चार सिलिंडरी एंजिन सु. ४५ अश्वशक्तीचे होते. फोर्डच्या नमुन्यात ट्रॅक्टरच्या एंजिनावरून तयार केलेले एंजिन होते. विलिस-ओव्हरलँड कंपनीची गाडी मात्र डेल्मर रूस यांनी सुधारलेल्या एंजिनामुळे सरस ठरली. व्हिपेट मोटारीच्या काळापासून चालत आलेले ४८ अश्वशक्तीचे जुने एंजिन त्यांनी ६० अश्वशक्तीपर्यंत नेले होते. हे एंजिन सोडावयाचे नाही म्हणून रूस यांनी गाडीच्या इतर प्रत्येक भागातून वजन छाटले. रंगाचा थरसुद्धा हिशोबात धरला. एंजिनासाठी गाडी घडविली गेल्याचे असे उदाहरण विरळाच.

या एंजिनाचा व्यास ७९.४ मिमी., धाव १११.१ मिमी. व आकारमान २,१९९ घ. सेंमी. होते. व्यासाच्या मानाने धाव बरीच लांब असल्यामुळे ते मंद गतीतही जोराने ओढी. युद्धकाळात विलिस व फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. युद्धानंतर १९४७ मध्ये विलिसने याच एंजिनावर सु. एक टन वजनाच्या वर्गाची चतुश्चक्र चालनाची पिकअप विक्रीस आणली. १९५० मध्ये तिच्यात अंतर्ग्रहण झडपा शीर्षात व निष्कास झडपा ठोकळ्यात असलेले ‘हरिकेन’ हे सुधारलेले चार सिलिंडरी एंजिन आले व १९५४ मध्ये सहा सिलिंडरी एंजिनही दाखल झाले. चार की सहा हा वाद तेव्हापासूनचा आहे.

भारतातील धागा : मुंबईत १९४५ मध्ये जगदीशचंद्र व कैलाशचंद्र महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी स्थापिलेल्या व्यापारी संस्थेने (१९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र) १९४७ मध्ये विलिसच्या जीप सुट्या भागांच्या स्वरूपात आणविल्या व पुढे माझगाव येथे त्यांची जुळणी सुरू केली. हरिकेन एंजिन जुन्यापेक्षा उंच असल्याने त्यासाठी बोनेट उंच करावे लागले. १९५३ च्या सीजे-३बी या नमुन्याचा तो उंच बोनेटाचा चेहरा भारतात पुढे अनेक दशके टिकून राहिला. आपल्याकडे तालुक्याच्या गावी जीप म्हणून जी आकृती डोळ्यांसमोर येते ती मुळात एका एंजिनाच्या उंचीमुळे निर्माण झालेली आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलवर चालणारी जीप भारतात महाग पडू लागली. प्रथम ट्रॅक्टरच्या कुळातील डीझेल एंजिन तीत बसविण्यात आले. पुढे १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या एंजिनाचा परवाना घेण्यात आला. या नावातच सारे आले आहे : चार सिलिंडर व ९० मिमी. व्यास (आकारमान २,११२ घ. सेंमी.). पुण्याच्या टेल्को कंपनीची टाटामोबिल ही पिकअप १९८८ मध्ये आली. तिच्यातही चार सिलिंडरी डीझेल एंजिनच होते. भारतात सहा सिलिंडरांचा पर्याय या वर्गात जवळजवळ नव्हताच, त्यामुळे येथे ‘पसंती’ हा शब्द जपून वापरला पाहिजे. इंधनाचा खर्च हेच येथे निर्णायक कारण होते.

जपानी पिकअप आणि आयात जकात : जपानमध्ये ‘लहान वाहन’ या वर्गासाठी १९६० पासून २,००० घ. सेंमी. आकारमान (पेट्रोल एंजिन), ४.७ मी. लांबी व १.७ मी. रुंदी अशी मर्यादा होती व तिच्या आत राहणाऱ्या वाहनास कर कमी पडे. दोन लिटरांच्या आत चार सिलिंडर हीच स्वाभाविक विभागणी होती. टोयोटाची हायलक्स (१९६८) व निस्सान, इसुझू, माझ्दा यांच्या पिकअप गाड्या या चौकटीत वाढल्या. म्हणजे पुढे अमेरिकी ग्राहकाने ज्या गुणांचे कौतुक केले, त्यांतील काही जपानी करपद्धतीने घडविलेले होते.

अमेरिकेत या गाड्यांपुढे वेगळीच अडचण होती. पश्चिम जर्मनी व फ्रान्स यांनी अमेरिकी कोंबड्यांवर जकात वाढविली, तिला प्रत्युत्तर म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये इतर काही वस्तूंबरोबर हलक्या मालमोटारींवर २५ टक्के जकात बसविली. कोंबड्यांचा तंटा मिटला, जकात मात्र राहिली. तीतून वाटा काढण्याचे प्रकार मनोरंजक आहेत. हौदा नसलेला सांगाडा आयात केल्यास केवळ ४ टक्के जकात पडे, म्हणून हौदे अमेरिकेत बसविले जात. ही पळवाट १९८० मध्ये बंद झाली. सुबारू कंपनीने १९७८ च्या ब्रॅट या चतुश्चक्र गाडीच्या उघड्या हौद्यात मागे तोंड करून दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या बसविल्या आणि तिला प्रवासी मोटार ठरवून घेतले. तिचे एंजिनही चार सिलिंडरीच होते, पण सिलिंडर समोरासमोर आडवे असल्याने वर सांगितलेली थरथर त्यात नव्हती.

चतुश्चक्र चालनाची हायलक्स अमेरिकेत १९७९ च्या नमुन्यात आली. इसुझूने बांधलेली व शेव्हर्ले या नावाने विकली जाणारी एलयूव्ही त्याच वर्षी चतुश्चक्र झाली. इराणमधील क्रांतीमुळे तेलाचे भाव पुन्हा भडकले तेही याच वर्षी. या योगायोगाचा या गाड्यांच्या खपाला मोठा हातभार लागला. हायलक्समध्ये आरंभी २०आर हे २,१८९ घ. सेंमी.चे सु. ९० अश्वशक्तीचे एंजिन होते. १९८१ पासून २२आर (व्यास ९२ मिमी., धाव ८९ मिमी., २,३६६ घ. सेंमी.) व पुढे इंधन-अंतःक्षेपणाचे २२आर-ई ही एंजिने आली, शेवटच्याची शक्ती सु. ११६ अश्वशक्ती होती. बिडाचा ठोकळा, ॲल्युमिनियमचे शीर्ष, साखळीने फिरणारा एक शीर्षस्थ झडपदंड व प्रत्येक सिलिंडरास दोन झडपा, एवढाच त्यांचा थाट होता.

ही एंजिने मंद गतीत चांगली ओढतात याचे कारण लांब धाव असे अनेकदा सांगितले जाते. जीपच्या बाबतीत ते खरे आहे. पण २२आरमध्ये धाव व्यासाहून आखूडच आहे. खरे रहस्य झडपांच्या मवाळ वेळापत्रकात व त्याहून अधिक गिअरांत आहे. पहिल्या गिअरची सु. ३.९५ पट, दुय्यम गिअरपेटीतील मंद गतीची २.२८ पट आणि आसातील ४.१० पट घट यांचा गुणाकार सु. ३७ येतो. एंजिनाचे १९० न्यूटन-मीटर परिबल चाकांशी पोहोचेपर्यंत, घर्षण सोडल्यास, सु. ७,००० न्यूटन-मीटर होते. मिनिटास १,००० फेरे या गतीला गाडी ताशी पावणेचार किमी., म्हणजे माणसाच्या चालीने पुढे सरकते. खडकाळ चढावर चाके घसरण्याआधी एंजिनाची शक्ती संपत नाही. तेथे दीडशे अश्वशक्ती असूनही अधिक काही साधत नाही. डांबरी सडकेवर, लांब घाटात, भरल्या हौद्यानिशी मात्र हे गणित उलटते. तेथे चालकाला एकेक गिअर खाली टाकीत मागच्या वाहनांची रांग सोसावी लागे. या एंजिनाच्या चाहत्यांनी ही बाजू नेहमीच कमी सांगितली आहे.

त्यांचा टिकाऊपणाही निर्दोष नव्हता. १९८३ च्या सुमारास झडपदंडाची दुहेरी साखळी काढून एकेरी करण्यात आली. तिच्या प्लॅस्टिकच्या मार्गदर्शक पट्ट्या झिजून तुटत व सैल झालेली साखळी पुढचे आवरण कापीत जाई. पण हा दोष आधी खडखडाट करून इशारा देई आणि साध्या हत्यारांनी दुरुस्त होई. दुर्गम भागात काय मोडते याइतकेच ते कसे मोडते याला महत्त्व असते. चाड व लिबिया यांच्यातील १९८७ च्या संघर्षात चाडच्या सैनिकांनी क्षेपणास्त्रे चढविलेल्या टोयोटा पिकअपांतून रणगाड्यांच्या तुकड्यांचा पराभव केला व त्या युद्धाला गाडीचेच नाव पडले. तथापि तीत मोठ्या लँड क्रूझर गाड्याही होत्या, त्यामुळे त्याचे सारे श्रेय चार सिलिंडरी एंजिनाला देणे बरोबर नाही.

सहा सिलिंडरांची स्पर्धा : अमेरिकी कंपन्यांनी शेव्हर्ले एस-१० (१९८२) व फोर्ड रेंजर (१९८३) या स्वतःच्या लहान पिकअप काढल्या, त्यांत चारबरोबर सहा सिलिंडरांचाही पर्याय होता. टोयोटानेही १९८८ मध्ये तीन लिटरांचे सहा सिलिंडरी एंजिन दिले. शक्ती १५० अश्वशक्तीपर्यंत वाढली, पण या एंजिनाच्या गॅस्केटविषयी तक्रारी आल्या व कंपनीला ती बदलून देण्याची मोहीम घ्यावी लागली. जुन्या चार सिलिंडरी एंजिनाची कीर्ती त्यामुळे अधिकच वाढली. १९९५ मध्ये टॅकोमा गाडीबरोबर २२आर मालिका अमेरिकेत संपली. नव्या २.७ लिटर एंजिनात चार सिलिंडर कायम राहिले, पण थरथर मारणारे तोलदंड आले. दरम्यान गाड्या स्वतःच मोठ्या होत गेल्या. ग्राहकाला दुहेरी खोली हवी होती. शिवाय २००८ च्या नमुन्यांपासून क्रमाक्रमाने लागू झालेल्या अमेरिकी नियमांत इंधनखपाची मर्यादा चाकांमधील क्षेत्रफळाशी जोडली गेली, त्यामुळे लहान गाडीवर अधिक कडक मर्यादा पडू लागली. वाढत्या वजनाला जुने चार सिलिंडरी एंजिन पुरेनासे झाले.

अमेरिकेबाहेर ही परंपरा डीझेलच्या रूपाने अखंड राहिली. हायलक्समध्ये २.२, २.४ व २.८ लिटरांची चार सिलिंडरी डीझेल एंजिने एकापाठोपाठ आली. भारतात ही गाडी २०२२ मध्ये २.८ लिटरांच्या डीझेल एंजिनासह दाखल झाली. अमेरिकेत टॅकोमाच्या २०२४ च्या नमुन्यातून सहा सिलिंडरी एंजिनच काढून टाकण्यात आले आणि चार सिलिंडरी हा एकमेव पर्याय उरला. त्याचे आकारमान २,३९३ घ. सेंमी., म्हणजे जुन्या २२आरपेक्षा अवघे २७ घ. सेंमी. अधिक आहे, शक्ती मात्र टर्बोभारकामुळे २२८ ते २७८ अश्वशक्ती इतकी आहे. सिलिंडरांत थेट अंतःक्षेपण, टर्बोभारक, हवाशीतक व त्यांवर देखरेख करणारी इलेक्ट्रॉनीय यंत्रणा यांमुळे या एंजिनाचे बोनेट उघडल्यावर चार स्पार्क प्लग पूर्वीसारखे एका नजरेत दिसत नाहीत.