ट्रेंड लॉग बफर

इमारतीतील चिलर, पंप, वातानुकूलन सांभाळणारा कंट्रोलर तापमान, दाब, वीजवापर अशी मोजमापे आपल्याच मेमरीतल्या मर्यादित जागेत, म्हणजे बफरमध्ये, नोंदवतो. एरवी मध्यवर्ती सर्व्हर तिथून नोंदी उचलून डेटाबेसमध्ये ठेवतो. संपर्क तुटला तरी कंट्रोलरचे काम थांबत नाही आणि नोंदी बफरमध्ये साठत राहतात. सर्व्हरच दर वेळी आकडा विचारून लिहून घेत असेल, तर मात्र मधल्या काळातली माहिती कायमची जाते. दोन्ही प्रकारचे आलेख पडद्यावर सारखेच दिसतात, त्यामुळे नोंद नक्की कुठे होते हे यंत्रणा ताब्यात घेतानाच तपासायला हवे.

'अ‍ॅशरे' या अमेरिकी संस्थेने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बॅकनेट या इमारत-नियंत्रणाच्या मानकात (क्रमांक १३५) पुढे ट्रेंड लॉगची, म्हणजे कंट्रोलरमधल्या अशा नोंदवहीची, भर पडली. नोंद ठरावीक अंतराने, मूल्य बदलल्यावर किंवा बाहेरून इशारा मिळाल्यावर होते. बफर किती काळ पुरेल हे त्यावरच ठरते : १,००० नोंदींची जागा दर १५ मिनिटांच्या नोंदीला दहा दिवसांहून थोडी अधिक पुरते, दर मिनिटाच्या नोंदीला सतरा तासही नाही. मूल्यबदलावर चालणाऱ्या लॉगचा असा हिशेब मांडता येत नाही. अस्थिर सेन्सर तो काही तासांत भरून टाकू शकतो.

जागा संपल्यावर काय करायचे ते 'स्टॉप व्हेन फुल' ही सेटिंग ठरवते. ती बंद असेल तर सर्वांत जुनी नोंद पुसून नवी लिहिली जाते. चालू असेल तर लॉग थांबतो आणि कोणी पुन्हा सुरू करेपर्यंत थांबलेलाच राहतो. अखंड देखरेखीसाठी हा पर्याय घातक आहे : सर्व्हर परत आला, तरी नोंद बंदच.

कमी लक्ष जाणारी, पण तितकीच महत्त्वाची सेटिंग म्हणजे सूचनेची मर्यादा. ठरलेल्या संख्येइतक्या नव्या नोंदी साठल्या की कंट्रोलर 'बफर तयार' अशी सूचना पाठवतो. १,००० च्या बफरला ही मर्यादा ९०० ठेवली आणि सूचनेच्या ऐन वेळी नेटवर्क गेले, तर उरते जेमतेम १०० नोंदींची जागा. निम्म्याच्या आसपासची मर्यादा सुरक्षित.

संपर्क जुळल्यावर सर्व्हर 'रीडरेंज' सेवेने राहिलेल्या नोंदी मागतो. प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक असतो. सर्व्हरकडची शेवटची नोंद ४२०० आणि बफरमधली सर्वांत जुनी ४३५१ असेल, तर नेमक्या १५० नोंदी गेल्या. वेळेवरून मागणी करणे कमी भरवशाचे, कारण दुरावलेल्या काळात कंट्रोलरचे घड्याळ सरकू शकते. घड्याळ बदलले किंवा वीज जाऊन लॉग खंडित झाला, तर त्याचीही खूण लॉगमध्ये पडते. आलेख काढताना या खुणा गाळू नयेत. साध्या रॅममधला बफर वीज जाताच रिकामा होतो. बॅटरीचा आधार किंवा फ्लॅश मेमरी असेल तर तो टिकतो, पण फ्लॅशवर लिहिण्याच्या फेऱ्या मर्यादित असल्याने काही कंट्रोलर नोंदी गटागटाने उतरवतात आणि अचानक वीज गेल्यास शेवटचा गट हरवतो.