नासाकोटरांच्या शस्त्रक्रियेचा इतिहास : नव्या वाटेकडून मूळ वाटेकडे

प्रस्तावना

नाकाच्या दोन्ही बाजूंस, कपाळात आणि दोन डोळ्यांच्या मधल्या भागात हवेने भरलेल्या ज्या पोकळ्या असतात, त्यांना नासाकोटरे असे म्हणतात. बोलीभाषेत ‘सायनस’ हा शब्द आता पोकळीचा न राहता रोगाचाच वाचक झाला आहे. ‘मला सायनस आहे’ हे वाक्य आपल्या नित्य परिचयाचे आहे. वस्तुतः सायनस प्रत्येकालाच असतात. त्यांतील स्राव बाहेर पडण्याची नैसर्गिक वाट बंद झाली की बहुतेक वेळा रोगाला आरंभ होतो. हे विधान आज वैद्यकाच्या विद्यार्थ्याला एका ओळीत शिकवले जाते. परंतु त्यावर आधारलेली शस्त्रक्रिया जगभर रूढ होण्यास १९८५ नंतरचा काळ उजाडावा लागला. त्यापूर्वीची सुमारे नव्वद वर्षे शल्यविशारद ही नैसर्गिक वाट बाजूला ठेवून हाडात नवी वाट पाडत होते.

विशेष म्हणजे नैसर्गिक वाटेचे महत्त्व दाखवणारे संशोधन १९३० च्या दशकातच प्रसिद्ध झाले होते. मग ते शस्त्रक्रियेत उतरण्यास अर्धशतक का लागले? या प्रश्नाच्या अनुषंगाने नासाकोटरांच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मस्तकातून उतरणारा स्राव

नाकाच्या विकारांची नोंद प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नासारोगांचे ३१ प्रकार सांगितले असून प्रतिश्यायाच्या, म्हणजे पडशाच्या, चिकित्सेसाठी स्वतंत्र अध्याय दिला आहे. पडसे जुनाट झाले की ते दुःसाध्य होते, हे निरीक्षणही तेथे आढळते. युरोपात ग्रीक परंपरेनुसार नाकातून वाहणारा स्राव मेंदूत तयार होतो आणि कवटीच्या तळाच्या छिद्रांतून खाली झिरपतो, अशी समजूत सतराव्या शतकापर्यंत टिकून होती. विटेनबर्ग येथील प्राध्यापक कॉन्राड व्हिक्टर श्नायडर यांनी १६६० च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती खोडून काढली. हा स्राव नाकाच्या आतील अस्तरातूनच पाझरतो, हे त्यांनी दाखवून दिले. या अस्तराला आपण श्लेष्मकला म्हणतो.

तत्पूर्वी १६५१ मध्ये इंग्लंडमधील नॅथॅनिएल हायमोर यांनी गालाच्या हाडातील कोटराचे सविस्तर वर्णन केले होते. त्यांच्या एका रुग्ण स्त्रीचा दात काढल्यावर त्या जागेतून पू वाहू लागला. तिने त्या छिद्रात चांदीची बारीक सळई घातली, तर ती जवळजवळ डोळ्यापर्यंत आत गेली. पिसाची काडी घालून पाहिली, तर तीही आत शिरली. आपण मेंदूपर्यंत पोहोचलो या कल्पनेने ती घाबरली. तेव्हा तेथे मुळातच पोकळी असते, हे समजावून हायमोर यांनी तिची भीती घालवली.

गुरुत्वाकर्षणाचा तर्क

या प्रसंगात पुढील अडीचशे वर्षांच्या शस्त्रक्रियेचे बीज दिसते. पू साचला आहे, तो काढायचा आहे, तर तळाशी छिद्र पाडावे. पाणी जसे उताराकडे वाहते तसा तो वाहून जाईल, असा हा सरळ तर्क होता. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनचे विल्यम काउपर यांनी दात काढून त्याच्या खोबणीतून कोटर उघडण्याची पद्धत अवलंबिली. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनचा स्थानिक बधिरीकरणासाठी उपयोग होतो हे दाखवले आणि नाकातील शस्त्रक्रियेला वेग आला. त्यानंतर न्यूयॉर्कचे जॉर्ज कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये व पॅरिसचे हेन्री ल्युक यांनी १८९७ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकच शस्त्रक्रिया सुचवली. वरच्या ओठाखालून हिरडीवर छेद घ्यावा, हाडात खिडकी पाडून कोटर उघडावे, आतील रोगट श्लेष्मकला खरवडून काढावी आणि नाकाच्या तळाकडे निचऱ्यासाठी कायमचे भोक ठेवावे, असे तिचे स्वरूप होते.

‘कॉल्डवेल-ल्युक’ या नावाने ही शस्त्रक्रिया विसाव्या शतकाचा बराच काळ प्रमाण मानली गेली. तिने अनेक रुग्णांचा त्रास कमी केला हे नाकारता येत नाही. तथापि तिची किंमतही मोठी होती. गालावर सूज येणे, गाल व वरचे दात बधिर होणे हे परिणाम नेहमी दिसत आणि पुष्कळ रुग्णांचा विकार पुन्हा उद्भवे. डोळ्यांच्या मधल्या कोटरांत नाकातून केली जाणारी शस्त्रक्रिया तर याहून धोक्याची होती. एका बाजूला डोळा आणि वर मेंदू, अशा अरुंद जागी शल्यविशारदाला जवळजवळ अंदाजानेच काम करावे लागे. रुग्णाचा जीव घेण्यास याइतकी सोपी शस्त्रक्रिया क्वचितच असेल, अशा आशयाचा इशारा बॉस्टनचे हॅरिस मोशर यांनी १९२९ मध्ये दिला होता.

श्लेष्म्याची दिशा

गुरुत्वाकर्षणाच्या तर्कातील उणीव शरीरक्रियाविज्ञानाने उघड केली. श्लेष्मकलेच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म केसांसारख्या पक्ष्माभिका असतात. त्या सेकंदाला सुमारे दहा ते पंधरा वेळा लयबद्ध हलतात आणि त्यांच्यावर पसरलेला श्लेष्म्याचा पातळ थर, त्यात अडकलेल्या धुळीसह व जंतूंसह, पुढे ढकलतात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील डुलुथ येथील अँडरसन हिल्डिंग यांनी १९३२ पासून या प्रवाहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा प्रवाह ठरावीक दिशेने, म्हणजे कोटराच्या नैसर्गिक द्वाराकडेच जातो, असे त्यातून स्पष्ट झाले. गालाच्या कोटराचे द्वार त्याच्या आतील भिंतीवर बरेच उंच असते. म्हणजेच तेथील श्लेष्मा गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध, वर चढत जातो. सेंट लुईसचे आर्थर प्रोएट्झ यांनी १९४१ च्या आपल्या ग्रंथात नाकाचा विचार केवळ रचनेच्या अंगाने न करता क्रियेच्या अंगाने करावा, असा आग्रह धरला.

यातून निघणारा निष्कर्ष उघड होता. तळाशी पाडलेले भोक प्रवाहाच्या वाटेवर येतच नाही. आणि श्लेष्मकला खरवडून काढली की तो प्रवाह चालवणारी यंत्रणाच नष्ट होते. तरीही रूढ शस्त्रक्रिया बदलली नाही. हा केवळ शल्यविशारदांचा हट्ट होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नैसर्गिक द्वार नाकाच्या मधल्या भागात, हाडांच्या पातळ पडद्यांआड, काही मिलिमीटरांच्या खोबणीत दडलेले असते. कपाळावरील आरशाच्या प्रकाशात ते दिसत नव्हते. जे दिसत नाही त्यावर नाजूक शस्त्रक्रिया करणे शक्य नव्हते. ज्ञान उपलब्ध होते, पण ते वापरण्याचे साधन नव्हते.

भौतिकशास्त्राने दिलेली दृष्टी

हे साधन वैद्यकाबाहेरून आले. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये भारतात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांच्यासमवेत काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेण्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. मूत्राशय तपासण्याची दुर्बीण सुधारून देण्याची विनंती लिव्हरपूलचे शल्यविशारद जेम्स गो यांनी त्यांना केली. जुन्या दुर्बिणीत नळीभर हवा आणि मध्ये मध्ये छोटी भिंगे असत. हॉपकिन्स यांनी ही रचना उलटी केली. नळीत काचेच्या कांड्या बसवून त्यांच्यामधील हवेच्या फटींना भिंगांचे काम दिले. १९५९ च्या या रचनेमुळे बारीक नळीतूनही प्रतिमा पूर्वीपेक्षा कितीतरी उजळ व स्पष्ट दिसू लागली. जर्मन उपकरणनिर्माते कार्ल स्टोर्झ यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिचे उत्पादन सुरू केले.

ऑस्ट्रियातील ग्राझ येथील वाल्टर मेसरक्लिंगर हे १९५० च्या दशकापासून श्लेष्म्याच्या वहनाचा अभ्यास करीत होते. नुकत्याच मृत झालेल्या व्यक्तींच्या कोटरांतील पक्ष्माभिका काही काळ हलत राहतात, याचा उपयोग करून त्यांनी श्लेष्म्याचा मार्ग नोंदवला. तळाशी कृत्रिम भोक असले तरी श्लेष्मा त्याला वळसा घालून नैसर्गिक द्वाराकडेच जातो, हे त्यांना दिसले. नव्या दुर्बिणीने जिवंत रुग्णांची तपासणी करता आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. मोठ्या कोटरांतील विकाराचे मूळ पुष्कळदा नाकाच्या मधल्या खोबणीतील लहानशा अडथळ्यात असते. तो दूर करून श्लेष्मकला राखली, तर मोठे कोटर हात न लावताही बरे होऊ शकते. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९७८ मध्ये इंग्रजीत आला. तोवरचे त्यांचे बहुतेक लेखन जर्मन भाषेत असल्याने इंग्रजी जगात ते फारसे पोहोचले नव्हते. १९८५ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड केनेडी यांच्या लेखांनी आणि मेसरक्लिंगर यांचे शिष्य हाइन्झ स्टामबर्गर यांच्या अध्यापनाने ही पद्धत जगभर पसरली. १९७१ मध्ये वापरात आलेल्या सीटी स्कॅनने शस्त्रक्रियेपूर्वीच या चिंचोळ्या जागेचा नकाशा हाती दिला.

नव्या तत्त्वाच्या मर्यादा

नैसर्गिक वाट मोकळी केली की रोग संपला, असे मात्र नंतरच्या अनुभवाने सिद्ध झाले नाही. विशेषतः नाकात पॉलिप वाढणाऱ्या रुग्णांत विकार पुन्हा पुन्हा उद्भवतो. १९९९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २१० पैकी २०२ रुग्णांच्या श्लेष्म्यात बुरशी आढळल्याचे सांगून तीच मूळ कारण असल्याची मांडणी केली. परंतु त्यांच्याच पाहणीत निरोगी व्यक्तींच्या नाकातही बुरशी सापडली होती. बुरशीनाशक अँफोटेरिसिन-बी या औषधाने नाक धुण्याचा उपयोग होत नाही, असे २००६ च्या एका नियंत्रित चाचणीत दिसून आले. त्यानंतर श्लेष्मकलेतील दाहाकडे लक्ष वळले आणि हा दाह रोखणाऱ्या ड्युपिलुमॅब या जैविक औषधाला २०१९ मध्ये अमेरिकेत पॉलिपयुक्त विकारासाठी मान्यता मिळाली. वाटेबरोबर अस्तराच्या प्रकृतीचाही विचार करावा लागतो, ही जाणीव यातून दृढ झाली.

कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसने २०२१ मध्ये या तत्त्वाची आणखी कठोर परीक्षा घेतली. हा आजार प्रामुख्याने नाक व नासाकोटरांत सुरू होत असे. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर झालेल्या रुग्णांना त्याचा मोठा फटका बसला. महाराष्ट्र हे सर्वाधिक बाधित राज्यांपैकी एक होते. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने राज्यांना हा आजार अधिसूचित करण्यास सांगितले. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून ऊतींचा रक्तपुरवठा तोडते. अशा मृत ऊतींपर्यंत औषध पोहोचत नाही, म्हणून अँफोटेरिसिन-बी देण्याबरोबरच त्या निर्दयपणे काढाव्या लागतात. श्लेष्मकला राखण्याचे शिक्षण घेतलेल्या शल्यविशारदांना येथे ती काढावी लागली. प्रसंगी वरचा जबडा, तर काही रुग्णांत डोळाही काढावा लागला. दुर्बीण तीच होती, परंतु रोगाची क्रिया वेगळी असल्याने निर्णय उलटा घ्यावा लागला.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, शतकभर चाललेली चूक अज्ञानापेक्षा उपमेची होती. शरीराला नळ किंवा हौद समजून केलेला तर्क पटण्याजोगा होता, पण जिवंत ऊतींना तो लागू पडत नव्हता. दुसरा, हिल्डिंग यांचे संशोधन आणि शस्त्रक्रिया यांमधील अंतर मूत्राशयाच्या दुर्बिणीसाठी काम करणाऱ्या एका भौतिकशास्त्रज्ञामुळे मिटले. ज्ञानशाखांच्या भिंती ओलांडल्याविना हे शक्य नव्हते. तिसरा, महत्त्वाचे कार्य एका भाषेत अडकून पडले की त्याचा लाभ रुग्णांपर्यंत पोहोचण्यास वर्षे लागतात. महाविद्यालयात विज्ञान शिकवणाऱ्यांनी आणि आपल्या भाषेत ज्ञान आणू पाहणाऱ्यांनी या तिन्ही गोष्टींचा विचार करावा असे वाटते. पडशासारखा क्षुल्लक मानला जाणारा विकार समजून घेण्यासही किती जणांचे श्रम लागले आणि त्या विलंबाची किंमत कोणी मोजली, हे या इतिहासातून दिसून येते.